गाडी दमती

आईसाठी बॅटरीवरची दुचाकी गाडी घेतली तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव आणि आई जिथं पोषण आहाराची खिचडी शिजवते ती वस्तीवरची शाळा, यांत साडेतीन किलोमीटरचं अंतर आणि एक लांबलचक चढ आहे. तिथल्या चुलीपुढं उभं राहून तिनं मला शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी. आता ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. गाडी एका सहकाऱ्याची वापरलेली होती. त्याच वर्षी स्वतःसाठी मोटरसायकल मात्र मी कोरी घेतली. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही.

आई पन्नाशीत गाडी शिकली. वेग बेताचा, लायसनची गरज नाही. पहिल्या दिवशी शाळेत पोचल्यावर तिनं फोन केला, "पोचले रं! पोरांनी गाडीभवती गराडा घातलाय."

दोन महिने झाले आणि एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "गाडी दमती रं बाळा."

"म्हणजे?"

"निम्मा चढ चढली का रडाया लागती. उभी केली, जरा दम खाऊ दिला, का परत चालती. मंग परत दमती."

मी हसलो. "आई, यंत्र आहे ते. बैल आहे का दमायला?"

"मला काय कळतंय? दमती येवढं खरं."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून मीटर आणला. पाय ठेवायच्या फळीखालचं झाकण काढून चारही बॅटऱ्या मोजल्या. प्रत्येक साडेबारा व्होल्टच्या वर. बॅटऱ्या ठणठणीत आहेत, असं मी जाहीर केलं. मग उरला दोष चालवणाऱ्याचा. तू चार्जिंग अर्धवट काढत असशील, पिशव्या जास्त घेत असशील, एकदम मूठ पिळत असशील, असं सगळं मी तिला ऐकवलं. शाळेतल्या गुरुजींसमोर उभी राहते तशी ती उभी होती. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सूचना लिहून मी चार्जरशेजारी टांगल्या. ती जेमतेम चौथी शिकलेली. रोज अक्षरं लावून तो पुठ्ठा वाचायची.

त्यानंतर तिनं तक्रार केली नाही. मला वाटलं, सुधारली.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी मी त्या रस्त्यानं निघालो होतो. चढाच्या मध्यावर एक कडुलिंब आहे. लिंबाच्या सावलीत गाडी उभी होती आणि आई बाहेर उन्हात दगडावर बसलेली, मांडीवर कांदे-बटाट्यांची पिशवी.

"अगं, सावलीत बस की!"

"येवढुशी तर सावली. तिला तापू दिलं न्हाई का लवकर उठती ती."

गेले कित्येक दिवस ती घरातून तासभर आधी निघत होती. खिचडीला उशीर नको म्हणून. हे कळल्यावर तरी मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "इतके दिवस झाले, अजून तुला साधी गाडी चालवता येत नाही?"

तिनं कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "ने बाबा तुझी तू. माझ्या हाताला गुन न्हाई. मी आपली पायीच बरी."

गाडी विकायची म्हणून टेम्पोत घालून नगरला नेली. आईला चष्म्याचा नंबर काढायचा होता, म्हणून तीही आली. बॅटरीच्या गाड्यांचा दुकानदार माझ्याच वयाचा. मी सांगायला लागलो, "बॅटऱ्या चांगल्या आहेत, मी मोजल्यात."

"सर, गाडी चालवतं कोण?"

"आई."

"मग मावशींना बोलू द्या. काय होतं मावशी?"

आईनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दमती."

तो हसला नाही. "थांबल्यावर परत उठती?"

"व्हय."

"मग दमल्यातच बॅटऱ्या."

त्यानं जीपच्या हेडलाइटचे दोन बल्ब बॅटरीला जोडले आणि माझ्यासारखाच मीटर लावला. साडेबाराचा आकडा बघता बघता नऊवर आला. दुसरीही घसरली. बल्ब काढले, जरा वेळ गेला, आणि आकडा परत वर चढला. बाकीच्या दोन मात्र टिकल्या. "नुसत्या उभ्या असल्या का सगळ्याच पैलवान, सर. ओझं दिल्यावर कळतं."

मी हेच शिकवतो. घटाचा अंतर्गत रोध, मोकळा असतानाचं व्होल्टेज, ओझ्याखालचं व्होल्टेज. दर वर्षी फळ्यावर आकृती काढून. माझी मान वर होईना.

"गाडी विकत नाही," मी म्हणालो. "दोन बॅटऱ्या बदला."

तो आईकडं वळला. "मावशी, चार जावांत दोन नव्या आणल्या तर काय होईल?"

"जुन्या बसून खात्याल आन् नव्या राबून मरत्याल."

"ऐका सर! मावशींना कळलं."

चारही बदलल्या. परत येताना टेम्पोत मी म्हणालो, "आई, तू म्हणत होतीस तेच निघालं."

"मंग मी येगळं काय म्हनत हुते?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या सकाळी मी मोटरसायकलवरून तिच्या मागं गेलो. लिंबापाशी तिनं सवयीनं गाडी थांबवली आणि सावलीत लावली.

"आई, आता नाही दमणार ती."

"तू म्हनशील तसं."

"मी नाही. तू सांग. दमली का?"

तिनं सीटवर हात ठेवला. "न्हाई. आज न्हाई दमली." आणि बसून निघून गेली. चढ संपेपर्यंत ती थांबली नाही.

घरी येऊन मी तो पुठ्ठा काढून चुलीत घातला. दुपारी आई आली, चार्जर लावला आणि भिंतीकडं बघत राहिली.

"आरं, पुठ्ठा कुठं गेला?"

"टाकला. चुकीचं लिहिलं होतं मी."

"टाक बापडा," ती म्हणाली. "मला समदा पाठ झालाय."