मॅलकीचा गार चहा

मॅलकी माझा धाकटा भाऊ. वय एकसष्ट, आणि उभ्या जन्मात त्याने दारूचा थेंब चाखलेला नाही. आयर्लंडमधल्या आमच्या क्लेअरमध्ये पोरं बाराव्या वर्षी चर्चमध्ये दारू न पिण्याची शपथ घेतात आणि अठरावं लागताच मोडतात. या शहाण्याने मोडलीच नाही. कोटावर त्या शपथेचा बिल्ला लावून पंचवीस वर्षं तो शाळेची बस चालवत होता. लग्न केलं नाही, कुठे परदेशी गेला नाही. बस हाच त्याचा संसार.

आमच्या घराण्याचे गाल तसेही लाल. पण साठीत त्याचं नाक लाल झालं, मग डोळे. सकाळी पापण्या चिकटलेल्या, दिवसभर वाळू गेल्यासारखी टोचणी आणि सतत पाणी. आधी नऊ रविवार डोळे बरे करणाऱ्या पवित्र विहिरीवर जाऊन झालं, कारण आमच्याकडे दवाखान्याची वाट तिथूनच जाते. मग मे महिन्यात एनिस शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हा रोझेशिया. गालांवरचा आजार डोळ्यांत उतरलाय. पापण्यांच्या काठच्या ग्रंथी तुंबल्यात. दुर्लक्ष केलंत तर नजरेवर बेतेल."

रोज दोनदा गरम ओल्या फडक्याचा शेक, पापण्यांची सफाई, तीन महिने गोळ्या. आणि कढत चहा बंद, त्याने लाली भडकते.

नजरेचं ऐकून न घाबरलेला मॅलकी आता घाबरला. "चहा बंद?"

"गार करून प्या."

आमच्याकडे गार चहा कुत्रंही हुंगत नाही. हा मात्र कोरा चहा गार करून काचेच्या बाटलीतून बसमध्ये नेऊ लागला. तांबूस पाणी, लाल डोळे आणि गडी घोट घोट घेतोय. मिसेस हेहरची दोन मुलं त्या बसने जात. तिने शाळेच्या फाटकातून हे पाहिलं आणि तडक बसमालक कॉर्मककडे गेली.

कॉर्मक आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. "मॅलकी, बाटलीत काय असतं?"

"चहा."

"गार?"

"गार."

कॉर्मक माझ्याकडे वळला. "युना, थाप मारायची तर धड तरी मारावी."

मी बाटली त्याच्या नाकाखाली धरली. त्याने हुंगून पाहिलं. "आजची चहाचीच आहे," म्हणाला. "मी येणार हे गावभर माहीत होतं." डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तर म्हणे डॉक्टर असंच काहीतरी सभ्य नाव लिहून देतात. "उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडेपर्यंत घरी राहा, मॅलकी. सावर. वेळ कुणावरही येते. तेव्हा ठीक दिसलास तर बस तुझीच, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅलकी नुसता गोंधळला. कारण गाव अचानक त्याच्याशी प्रेमाने वागू लागलं. न पिणाऱ्या माणसाशी कोण बोलतंय? आता मात्र पबमधली माणसं रस्त्यात थांबून खांद्यावर हात ठेवू लागली. मिसेस हेहर सफरचंदाचा केक घेऊन आली. "माझे वडीलसुद्धा यातून बाहेर आले हो," म्हणाली. मॅलकीने तिचे आभार मानले.

"आभार कसले मानतोस? मी पीत नाही म्हणून का नाही सांगितलंस?" मी ओरडले.

"सांगितलं गं मागे एकदा. तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

मी शेक देत राहिले, तो गोळ्या घेत राहिला. ऑगस्टअखेर डोळे स्वच्छ झाले. शाळा उघडली तेव्हा कॉर्मकने फाटकाशी सगळ्यांसमोर किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. "बघ, सोडलीस आणि डोळे कसे निवळले." मुलांच्या आयांनी टाळ्या वाजवल्या. हेहरबाई तर रडली.

त्या दुपारी मॅलकी घरी आला आणि कोट न काढताच खुर्चीत बसला.

"युना," तो म्हणाला, "मी जन्मलो तेव्हापासून तू मला बघतेयस. खरं सांग, मी पीत होतो का गं?"