तेरा तारखेची दुरुस्ती

विमानांविषयीच्या त्या वार्षिकातली शेवटची आठ पानं तिची असत. जगात वर्षभर विमानांच्या बाबतीत जे काही घडलं, त्याची तारीखवार यादी. सव्वीस वर्षं ती एकटीच ही यादी करत आली होती, म्हणून कचेरीत सगळे तिला तारीखबाई म्हणत. स्वतः ती एकदाच विमानात बसली होती आणि उतरेपर्यंत तिने डोळे उघडले नव्हते.

त्या वर्षी यादी संपता संपेना. विजेवर चालणाऱ्या एका चिमुकल्या विमानाने सामुद्रधुनी ओलांडली, चार इंजिनांचं एक जुनं विमान शेवटचं उडालं, दोन मोठ्या कंपन्या एक झाल्या, तिसरीला टाळं लागलं. कात्रणं लावून, तारखा पडताळून, प्रुफं तपासून तिचा जीव मेटाकुटीला आला. घरी नणंद अंथरुणाला खिळलेली. सकाळी तिचं सगळं उरकून कचेरी, कचेरीतून पुन्हा तिच्या उशाशी. "मी मेले तर ती तारीखही मलाच लिहून ठेवावी लागेल," ती शेजारच्या टेबलावरच्या चित्रकाराला म्हणायची. तो हसायचा. ती हसायची नाही.

वार्षिक बाहेर पडल्यावर महिन्याभराने एक म्हातारा तीन जिने चढून आला. दम खात बसला. पिशवीतून पुस्तक काढून त्याने जूनचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बोटाचं टोक सुया टोचून टोचून खरखरीत झालेलं. उभा जन्म शिंपीकामात गेला होता. ओळ अशी होती : १३ जून, मालवाहू विमान डोंगरावर आदळले, दोन वैमानिक ठार. त्यातला दुसरा वैमानिक त्याचा मुलगा.

"तो तेराला नाही गेला, बाई. चौदाच्या पहाटे गेला."

तिने नेहमीच्या थकल्या आवाजात समजावलं. जगभरातल्या घटना एका ओळीत बसवायच्या, तर घड्याळ एकच धरावं लागतं. जागतिक वेळेप्रमाणे तेव्हा तेराच तारीख होती, म्हणजे नोंद चुकलेली नाही. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर असेल," तो म्हणाला. "पण तेराला तो दिवसभर घरी होता. माझ्या मशीनचा पट्टा बदलून दिला, दुपारी झोपला, आईशी गप्पा मारत बसला. ही म्हणते, पुस्तकाने तो दिवस आमच्याकडून काढून घेतला."

ती त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेली आणि परतताना कठड्याला धरून उभी राहिली. असे आणखी किती दिवस आपण कुणाकुणाच्या घरून नेले असतील, याचा तिला अंदाज करवेना.

ती नोंद दुरुस्त करू द्या, असं तिने म्हटल्यावर संपादकांनी आधी नकारच दिला. एकासाठी नियम वाकवला की सगळ्यांसाठी वाकवावा लागेल, असं त्यांचं म्हणणं.

"मग सगळ्यांसाठी वाकवते," ती म्हणाली. एवढं बोलायलाही तिला फार बळ लागलं.

पुढच्या अंकात तिने अपघाताच्या प्रत्येक नोंदीला तिथली स्थानिक तारीखही जोडली. त्यासाठी देशोदेशीच्या विमानतळांना पत्रं लिहिली, उत्तरं येईनात तेव्हा फोन केले. काम दुपटीने वाढलं. शेवटच्या पानावर मागच्या अंकाची दुरुस्ती छापली : तो अपघात स्थानिक वेळेनुसार चौदा जूनच्या पहाटे. एक प्रत तिने म्हाताऱ्याच्या पत्त्यावर धाडली.

आठवड्याने त्याचा फोन आला.

"हिने वाचलं. तारीख बरोबर आहे म्हणाली." मग त्याने विचारलं, "नाव नाही का घालत तुम्ही?"

तिला खोटं बोलवेना. नावं विक्रम करणाऱ्यांची जातात, बाकीच्यांचे आकडे जातात, असं तिने सांगितलं.

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

तिनेही रिसीव्हर जागेवर ठेवला. नावांचा विषय संपादकांकडे काढायला हवा होता, पण त्या दिवशी तरी तिच्यात तेवढं त्राण नव्हतं. टेबलावर नव्या जानेवारीची कात्रणं येऊन पडली होती. ती तशीच ठेवून ती तासभर आधी घरी गेली, नणंदेच्या शेजारी आडवी झाली आणि कपडेही न बदलता झोपली.