वहिनींची बावीस टेबलं

वहिनी कुठेही गेल्या की आधी टेबलाखाली बघतात. मागे एकदा दाताच्या डॉक्टरांसमोर आ वासून पडल्या होत्या, तेव्हासुद्धा त्यांची नजर खाली मशीनच्या वायरींवर होती. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का?" तोंडातला कापूस सांभाळत वहिनी म्हणाल्या, "दात नाही हो. तुमची ती पांढरी वायर चाकाखाली आलीये."

त्यांचं वय अठ्ठेचाळीस. काम काय करता, असं कुणी विचारलं तर त्या "कॉम्प्युटरचं" एवढंच म्हणतात. त्यांची कॉलेजातली मुलगी जास्त नेमकं सांगते. "आई लोकांच्या वायरी लपवते."

वहिनी ही हाक त्यांना दुकानामुळे चिकटली. धाकट्या दिराचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे काउंटरला बसायला माणूस हवा होता. दीर वहिनी म्हणायचा म्हणून गिऱ्हाइकंही म्हणू लागली. सत्तरीचे एक गृहस्थ प्रिंटर घेऊन यायचे, तेही वहिनीच म्हणायचे. अकरा वर्षं त्या उंच स्टुलावर बसून लोकांच्या मशीनचे आजार पावतीवर लिहीत होत्या. 'सुरू होत नाही.' 'सुरू होतो पण आवाज करतो.' 'मुलाने पाणी सांडले, मुलगा नाही म्हणतो.' आतल्या खोलीत दीर मशीन उघडायचा. बाहेर वहिनी पावत्या फाडायच्या.

वायरींचं काम सुरू झालं ते एका त्वचारोगाच्या दवाखान्यातून. तिथला कॉम्प्युटर महिन्यात दोनदा दुकानात आला. दिराने दोन्ही वेळा तो साफ केला, तपासला, ठणठणीत म्हणून परत पाठवला. तिसऱ्यांदा तो पोचवायला वहिनी गेल्या. रिसेप्शनवरच्या मुलीच्या पायाशी वायरींचं असं जंजाळ होतं की तिने पाय लांब केला की प्लग सुटायचा. वहिनींनी पदर खोचला, खाली बसल्या आणि अर्ध्या तासाने उठल्या. तो कॉम्प्युटर पुन्हा कधी दुकानात आला नाही.

"कायमचं गिऱ्हाईक घालवलंत," दीर म्हणाला.

"भाऊजी, त्यांनी दुसरी दोन पाठवलीत. टेबलाखालचं बघायला."

तेव्हापासून दुरुस्तीबरोबर अधूनमधून हेही काम येऊ लागलं. त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी मोबाइलवर फोटो. मग मेन स्विच बंद. मग सगळ्या वायरी सोडवून कोरड्या फडक्याने पुसायच्या, कारण धुळीखाली काळी वायर कुठली आणि करडी कुठली हे कळत नाही. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेनने नाव. जास्तीची लांबी गुंडाळून टेबलाच्या पोटाला बांधायची. बांधायला कापडी पट्टी, कारण ती उघडता येते. प्लॅस्टिकची पट्टी कापावी लागते, आणि कापताना एखाद दिवशी कात्री वायरीलाच लागते. शेवटी समोरच्या खुर्चीत पाहुण्यासारखं बसून बघायचं. एकही वायर दिसली तर काम अपुरं.

आणखी एक नियम आहे, तो काउंटरवर शिकलेला. दुसऱ्याच्या जागेत, आपण ज्यासाठी आलो नाही ते बटण दाबायचं नाही. अकरा वर्षांत "मी फक्त एक बटण दाबलं" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा शिक्काच करून घ्यावा असं त्यांना वाटायचं.

पण ही सगळी कामं दीर बरोबर असताना. एकटीने कुठे जायचं नाही, कारण काउंटर कोण बघणार? वहिनींना हेच नको झालं होतं. त्यांना काउंटर सोडायचं होतं. नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसचं काम आलं, तेव्हा त्या हटून बसल्या.

काम मोठं होतं. पहिल्या मजल्यावर बावीस टेबलं. ती मनासारखी झाली तर दुसऱ्या मजल्यावरची चौतीस. दीर जाऊन मापं घेऊन आला होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पहिला मजला तुमचा. मी पायरीसुद्धा चढणार नाही. पण एक जरी तक्रार आली ना वहिनी, तर स्टूल तुमचं आणि पावतीबुक तुमचं. पुन्हा विषय काढायचा नाही."

"चालेल."

"दोन स्क्रीन, एक छोटा कॉम्प्युटर, एक फोन, नेटची वायर. प्रत्येक टेबलाला सारखंच. आणि कडेच्या खालच्या बाजूला वर-खाली बाण असलेलं एक बटण आहे."

"ते कशाचं?"

"शिपायाला बोलवायची घंटी असेल. मोठी ऑफिसं आहेत, त्यांचं काही सांगता येत नाही."

रविवारी ऑफिस बंद असताना वहिनी गेल्या. सकाळी आठला खाली वाकल्या त्या पाचलाच सरळ झाल्या. बावीस एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एका रेषेत. टेबलाच्या पायामागून वायरी अशा ताणून खाली आणल्या की पायाचाच भाग वाटाव्यात. सैल वायर लोंबते आणि लोंबती वायर दिसते, म्हणून ढील ठेवली फक्त चार बोटं. टेबलाच्या पोटातून येणारी एक जाड वायर होती, बटणाची. तिच्या दोन्ही टोकांना वहिनींनी चिठ्ठी लावली, 'घंटी'. बटण अर्थातच दाबलं नाही. मेन सुरू केला, सगळे स्क्रीन लागले. पाहुण्याच्या खुर्चीत बसून त्यांनी बावीसही टेबलं पाहिली. वायर नावाची वस्तू जगात असते याचा पुरावा त्या खोलीत उरला नव्हता.

सोमवारी साडेनऊला मॅनेजरबाईंचा फोन आला. "अहो, काय सुंदर केलंय! मला तर वाटलं आमचे कॉम्प्युटर हवेवर चालतात."

वहिनींनी फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवला होता. आतल्या खोलीत दिराचा स्क्रू ड्रायव्हर क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरू लागला.

सव्वाअकराला त्यांचाच दुसरा फोन आला. आवाज वेगळा होता. "ताबडतोब या."

झालं होतं असं. खिडकीजवळच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात. उंची सहा फूट तीन इंच, ऑफिसात त्यांना जिराफ म्हणतात. फार वेळ बसलं की त्यांची कंबर धरते. अकराच्या सुमाराला त्यांनी रोजच्यासारखं ते बटण दाबलं आणि टेबल उभं राहून काम करता यावं म्हणून वर जाऊ लागलं. त्यासाठीच ती टेबलं घेतली होती. ती हातभर वर जातात. वहिनींनी ठेवली होती चार बोटं.

आधी फोन गेला. मग उजवा स्क्रीन काळा झाला. डाव्याने मान मागे टाकली, जणू कुणी केस धरून ओढतंय. कॉम्प्युटर टेबलाच्या मागच्या कडेवरून सरकत निघाला, तो जिराफांनी झडप घालून धरला. तेवढ्यात टेबलाने स्वतःचाच प्लग उपटला आणि ते अर्ध्यावर थांबलं. आता ते बसून काम करायला उंच होतं आणि उभं राहून करायला ठेंगणं.

वहिनी पोचल्या तेव्हा जिराफ तिथेच उभे होते, कॉम्प्युटर लेकरासारखा कवेत घेऊन.

"पाऊण तासाचं काम गेलं माझं," ते म्हणाले. "अख्ख्या वॉर्डाची गटारं काढली होती."

"परत काढा," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "गटारं काही कुठे पळत नाहीत."

मॅनेजरबाईंनी वाकून वायरीचं टोक हातात घेतलं. "घंटी?" त्यांनी वाचलं. "घंटी म्हणजे काय?"

दिराचं नाव घेणं सोपं होतं. वहिनींनी ते घेतलं नाही. "माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "टेबल हलतं हे मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलं नाही. आज कुणी बटण दाबू नका. उद्यापासून तीन दिवस तुमची जेवणाची सुट्टी मला द्या. गुरुवारी सगळी टेबलं नाचवून दाखवते."

"आणि नाही नाचली तर?"

"तर दुसऱ्या मजल्याचं नावही काढणार नाही."

दुकानात परत आल्या तेव्हा दीर काउंटरपाशी उभा होता. ऑफिसातून त्यालाही फोन झाला होता.

"अति तिथे माती," तो म्हणाला. "जरा कमी सुंदर केलं असतंत तर भागलं असतं."

"हो."

"तक्रार आली ना?"

"आली. गुरुवारपर्यंत थांबा, मग स्टूल पुसून ठेवा." मग त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली. "भाऊजी, ती घंटी नव्हती."

दिराने मान खाली घातली आणि पावतीबुकाची पानं उगाच सरळ केली. मग म्हणाला, "बाण बघून मला वाटलं, वरच्या मजल्यावरचा शिपाई की खालच्या मजल्यावरचा."

वहिनी हसल्या नाहीत. हसू यायला आणखी तीन दिवस लागणार होते.

संध्याकाळी घरी त्यांनी इस्त्रीचं टेबल काढलं. त्याची उंची खटक्याने कमीजास्त होते. त्यावर त्यांनी टेबललॅम्प ठेवला, मोबाइलचा चार्जर ठेवला, आणि एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीला न लावता टेबलाच्याच पोटाला उलटा बांधला. टेबल खाली, टेबल वर. लॅम्प, चार्जर आणि बोर्ड तिघंही एकत्र वरखाली झाले. जमिनीकडे जाणारी वायर आता एकच उरली, बोर्डाची. तिलाच तेवढी हातभर ढील हवी होती.

त्यांचे यजमान हातात शर्ट घेऊन दारात उभे होते. "इस्त्री करायची होती."

"दहा मिनिटं."

"अर्ध्या तासापूर्वीपण दहाच मिनिटं होती."

"बाबा, चुरगळलेलाच घाला," मुलगी आतून ओरडली. "आणि आई, याच्यानंतर माझं टेबल असेल मनात तर सांगून ठेवते, त्या वायरी माझ्या आहेत. मला त्या दिसलेल्या आवडतात."

ढील सोडली की वायर लोंबणार आणि दिसणार, हा पेच उरला होता. वहिनींनी जुन्या छत्रीचं काळं कापड काढलं, त्याची नळी शिवली आणि वायर तिच्यात ओवली. टेबल खाली असताना ती नळी टेबलाच्या पायामागे एक सैल वळण घेऊन बसली, टेबल वर गेलं की सरळ झाली. यजमानांनी ते तीनदा बघितलं. "जमलं," ते म्हणाले, आणि शर्ट पसरला.

छत्रीचं कापड बावीस टेबलांना पुरण्यासारखं नव्हतं, तेव्हा मंगळवारी सकाळी काळ्या कापडाचा तागा आला. वहिनी बोर्डाची, फोनची आणि नेटची वायर एकत्र मावेल अशा रुंद नळ्या शिवत असताना दीर दुकानाला कुलूप लावून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"एका सुट्टीत सात टेबलं एकटीने होणार नाहीत," तो म्हणाला.

"पायरी चढणार नव्हतात ना?"

"लिफ्ट आहे तिथे."

तीन दिवस एक ते पावणेदोन त्या ऑफिसात असा देखावा होता की वहिनी टेबलाखाली उताण्या पडून बोर्ड आवळताहेत आणि शहरातले अर्धे लॅपटॉप उघडून बसवणारा त्यांचा दीर बाजूला उकिडवा बसून टॉर्च धरतोय.

"भाऊजी, उजेड माझ्या डोळ्यात नको, स्क्रूवर."

"हा घ्या."

"हा स्क्रू लांब आहे. फळीतून वर निघेल आणि कुणाच्या तरी मनगटात जाईल. आखूड द्या."

"इतकं ओरडताय, मी काय पगारी आहे का?"

"पगारी असतात तर कधीच काढून टाकलं असतं."

जिराफ आपलं जेवण उभ्यानेच जेवत हे ऐकत होते. जुन्या चिठ्ठ्या काढायचं काम वहिनींनी दिराकडे दिलं होतं. चव्वेचाळीस वेळा त्याने 'घंटी' सोलून काढली आणि चव्वेचाळीस वेळा आपल्या अक्षरात 'टेबल' लिहून चिकटवलं. बुधवारी एक चिठ्ठी सोलताना तो आपणहूनच मॅनेजरबाईंना म्हणाला, "हे घंटीचं डोकं माझं. त्यांना मीच सांगितलं होतं." टेबलाखालचा स्क्रू ड्रायव्हर क्षणभर थांबला.

गुरुवारी दोन वाजता मॅनेजरबाईंनी सगळ्यांना जागेवर उभं केलं. "काम सेव्ह करा," त्या म्हणाल्या. जिराफांनी दोनदा केलं.

बावीस बटणं एकदम दाबली गेली. खोलीत नुसती घरघर झाली आणि बावीस टेबलं हळूहळू वर निघाली. एक जरा मागे राहिलं, पण ते त्याच्या मोटरमुळे, ते पूर्वीपासूनच आळशी होतं. काळ्या नळ्या सरळ झाल्या. स्क्रीन एकही विझला नाही. मग टेबलं खाली आली. मॅनेजरबाई पाहुण्याच्या खुर्चीत बसल्या, मान वाकडी करून त्यांनी खाली बघितलं.

"नळी दिसतेय," त्या म्हणाल्या.

"दिसणार," वहिनी म्हणाल्या. "न दिसणारी वायर करून दिली होती. तिचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत."

मॅनेजरबाईंनी जिराफांकडे बघितलं. जिराफांनी टेबल पुन्हा वर घेतलं आणि आपली गटारं काढायला सुरुवात केली. बाई उठल्या. "उद्या वर येऊन बघून जा. तिथली टेबलं वेगळी आहेत, पाय मधोमध आहे. आणि बटण दिसलं तर दाबून बघा, मी सांगतेय."

शुक्रवारी सकाळी वहिनी दुसऱ्या मजल्यावर होत्या. चौतिसातली अकरा टेबलं वरखाली करून झाली होती, बाराव्याखाली त्या नुकत्याच शिरल्या होत्या, तेवढ्यात मोबाइल वाजला. दिराचा फोन होता, मागे दुकानातला गलका ऐकू येत होता.

"वहिनी, समोर चार जण उभे आहेत. यांच्या पावत्या कुठल्या बुकात लिहायच्या?"

"निळ्या."

"निळी दोन आहेत."

"ज्यातलं अक्षर वाचता येतं, ते. आणि भाऊजी, त्या स्टुलावर मागे रेलू नका. त्याला पाठ नाही."

पलीकडून काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. वहिनींनी फोन छातीवर ठेवला आणि बाराव्या टेबलाच्या वायरीची लांबी मोजायला घेतली.