धरणाखालचा उपाशी डोह

खोडाळ्याजवळच्या त्या डोहावर मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा पाणी इतकं नितळ होतं की तळातले गोटे स्पष्ट दिसत होते... आणि मासा एकही नव्हता.

तीस-बत्तीस वर्षं झाली असतील. मी जव्हारची, वडील शिक्षक, घरची थोडी भातशेती. मत्स्य खात्यात नुकतीच लागले होते आणि काम मिळालं होतं मोखाड्यातलं. एका लहान धरणाच्या खाली नदीतले गावठी मासे संपले होते, ते परत आणायचे होते.

धरणाच्या वरच्या ओहोळात मासे अजून होते. मी उत्साहाने तिथले खडस आणि मळ्या पकडून घेतले, पाण्याच्या हंड्यांतून जीपने खाली आणले आणि डोहात सोडले. महिन्याभरात निम्मे मेले. उरलेले लोकांनी पकडून खाल्ले!

पकडणाऱ्यांत पुढे होती गंगीकाकी. डोहाजवळच्या कातकरी पाड्यावरची. जमीन नाही, मिळेल त्या मजुरीवर घर चाललेलं. मी तावातावाने तिला जाब विचारायला गेले.

“बाय, मी खाल्ले नसते तरी मेलेच असते,” ती शांतपणे म्हणाली. “पाणीच उपाशी हाय. मासा काय गोटे खाईल?”

तिचं खरं होतं. नदीचा गाळ, रानातला पालापाचोळा, सगळं धरणाच्या भिंतीशी अडत होतं. खाली येत होतं ते गाळून घेतल्यासारखं पाणी. हे मी शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. डोहाशी उभं राहून मात्र सुचलं नव्हतं.

मग काकीच्याच सल्ल्याने आम्ही दोघी कामाला लागलो. उंबर, करंज, ऐनाच्या पाल्यासकट फांद्यांच्या जुड्या बांधायच्या, त्यात थोडं शेण भरायचं, दगड बांधून काठच्या उथळ पाण्यात सोडायच्या. शेण जास्त झालं तर पाणी कुजेल, म्हणून बेताबेताने.

ऑफिसात हसायचे. “पाण्याला चारा घालतेय,” म्हणायचे. पहिल्या जुड्या पावसात वाहून गेल्या... पुन्हा बांधल्या. त्याही गेल्या, तेव्हा जागा बदलून पुन्हा बांधल्या. पाऊस ओसरल्यावर गोट्यांवर हिरवं शेवाळ धरलं, पाल्यात बारीक किडे वळवळू लागले. मग आम्ही वरून पुन्हा मासे आणले.

आता प्रश्न होता ते टिकवायचा. दोन वर्षं डोहात जाळं टाकू नका, असं सांगायला मी पाड्यावर गेले. एक म्हातारे बाबा म्हणाले, “तुला पगार हाय बाय. आमाला मासा हाय.”

तेव्हा काकी पुढे झाली. “दोन सालं. पोरांची पोरं खातील असा मासा होऊ दे.” बराच वेळ वाद झाला. शेवटी पाड्याने ऐकलं... आणि पाळलं. कितीतरी दिवस त्या घरांतून नुसती नागलीची भाकरी आणि मिरची असायची. मी पाहिलंय.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक मोठे साहेब पाहणीला आले. पावसाळ्यात धरणाचा तळाचा दरवाजा थोडा वेळ उघडावा, म्हणजे गाळाचं पाणी खाली येईल, असा माझा प्रस्ताव होता. सही त्यांचीच लागणार होती. त्यांना खूश ठेवायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

डोहात फिरणारे खडस पाहून साहेब हरखले. “वा! आजच्या जेवणाला दोन-चार होऊन जाऊ देत.”

आणि मी म्हणाले, “हो सर.”

ड्रायव्हरने जीपमधून जाळं काढलं. काकी काठाशी जुडी बांधत होती. ती उठली, लुगडं खोचलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन जाळ्यासमोर उभी राहिली.

“सायेब, दोन सालं आमच्या पोरांनी हितला मासा चाखला नाय. तुमी एक दिस डाळ खा.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नोकरी नवी होती... पण आता गप्प राहिले असते तर त्या पाड्यावर पुन्हा पाय ठेवता आला नसता.

“सर, मी हो म्हणाले ते चुकलं,” मी म्हटलं. “इथला मासा मिळणार नाही.”

साहेब रागावले नाहीत, कौतुकही केलं नाही. जाळं परत ठेवायला सांगितलं. काकीच्या अंगणात बसून उडदाची डाळ आणि नागलीची भाकरी खाल्ली, आणखी एक भाकरी मागून घेतली.

सही काही त्या दिवशी झाली नाही. फाईल घेऊन मी वर्षभर खेपा घातल्या. त्याच्या पुढच्या पावसात तळाचा दरवाजा एक दिवस उघडला आणि तांबडं, गढूळ पाणी डोहात उतरलं. इतकं घाण पाणी पाहून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही! काकीने ओंजळीत घेऊन गाळ बोटांनी चोळून पाहिला. “आता जेवली नदी,” एवढंच म्हणाली.

हिवाळ्यात काठच्या उथळ पाण्यात बोटाएवढी पिल्लं दिसली. आम्ही आणलेली नव्हती ती. तिथेच जन्मलेली.

त्या कामाची एक ओळ माझ्या सेवापुस्तकात आहे आणि तिथे नाव फक्त माझं आहे. गेल्या महिन्यात निवृत्तीचे कागद काढताना ती ओळ वाचली आणि फार खटकली... म्हणून हे आज इथे लिहून ठेवतेय. ते काम गंगीकाकीचं होतं, आणि दोन वर्षं अर्धपोटी राहून शब्द पाळणाऱ्या तिच्या पाड्याचं.