आत्यानं सोडलेली कॉफी

फिल्टरमधून कॉफी ठिबकायला लागली की मला कुंभकोणमला आत्याकडे घेतलेली इंग्रजीची शिकवणी आठवते. आत्या नुकतीच काशीला जाऊन आली होती आणि रिवाजाप्रमाणे तिथं आवडीची वस्तू, म्हणजे कॉफीच, सोडून आली होती. “‘गिव्ह अप’ म्हणजे?” तिनं विचारलं. “सोडणं. तू कॉफी सोडलीस तसं.” “मूळ अर्थ, किल्ला शत्रूच्या हवाली करणं. आता उलट सांग.” “‘होल्ड ऑन’, धरून ठेवणं,” मी म्हणालो. तेवढ्यात तिचे यजमान वाफाळता पेला घेऊन आले. त्यांनी काशीत कारलं सोडलं होतं, जे जन्मात कधी खाल्लंच नव्हतं! आत्यानं पेला हिसकावला, नाकाशी धरून डोळे मिटले आणि सुनावलं, “पिणं सोडलंय, वास घेणं नाही!” आजही तिच्याकडे गेलो की माझा पेला आधी तिच्या नाकाशी जातो.