न्हाणीघरातली अळिंबी

न्हाणीघरात शेती करून स्वतः चार वर्षं अंगणातल्या नळाखाली आंघोळ करणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शाळामास्तर म्हणून नालवाडीत या काकांकडे भाड्याने राहायला गेलो, तेव्हा त्यांनी पुलगावचं कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून स्वतःला संशोधनात झोकून दिलं होतं. काकूंच्या उजव्या हाताला कंपवात जडला होता, आणि औषधी अळिंबीवर त्यासाठी परदेशात प्रयोग चालू आहेत, असं काकांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. प्रयोग उंदरांवर होते, हा तपशील त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिला होता. न्हाणीघरात दोरीला उकडलेल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पिशव्या टांगलेल्या आणि त्यांत अळिंबी पिकवलेली. त्यांना हवा लागावी पण फार लागू नये, म्हणून दार बोटभर उघडं ठेवून काका बाहेर खुर्ची टाकून पहारा देत. मी एकदा तिथे शिंकलो, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

काकूंचं माहेर सोवळं, कांदासुद्धा जपून खाणारं. 'कुत्र्याच्या छत्र्या' आपल्या चुलीवर चढणार नाहीत, असं त्यांनी बजावलं. मग काका त्या वाळवून, कुटून, गुपचूप झुणक्यात मिसळू लागले आणि संशय नको म्हणून मलाही पानावर बसवू लागले. "माझे हात ठीक आहेत हो," म्हटलं तर म्हणत, "मास्तर, तुमचे हात नाई, तोंड पायजे. एकटीच्याच ताटात टाकलं तं तिले समजते." काकूंना पहिल्याच घासाला समजलं होतं, पण त्या मुकाट्याने खात. नागपूरच्या डॉक्टरांना काकांनी एकट्याने आत जाऊन अळिंबीबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, गोळ्या सोडू नका. अळिंबीचा गुण सिद्ध झालेला नाही, भाजी म्हणून खुशाल खा. काका बाहेर येऊन मला म्हणाले, "पाहा, खा म्हणले!" गोळ्या मात्र ते घड्याळ लावून देत.

गुण मोजायची त्यांची स्वतःची पद्धत होती. रोज सकाळी काकूंनी चहाचा भरलेला कप ओसरीवर आणायचा. बशीत सांडलेला चहा काका चमच्याने मोजणार आणि कॅलेंडरवर आकडा टाकणार. एके दिवशी बशी कोरडी आली. काकांनी नालवाडीभर पेढे वाटले. मी आनंदाने आत गेलो, तर काकू पदराआड हसत म्हणाल्या, "कपच अर्धा भरला मी. त्याइले सांगू नोका, भाऊ. लय खपून राह्यले बिचारे." कपात डोकावून पाहावं, हे काही आमच्या संशोधकाला सुचलं नाही, म्हणून मी मनातल्या मनात भरपूर हसून घेतलं.

बशी वर्षभर कोरडी येत राहिली. मग एका सकाळी पाहतो तो पिशव्या उतरलेल्या, न्हाणीघर धुतलेलं.

"काऊन हो काका, प्रयोग बंद?"

"आता तिच्यानं अर्धा कपबी उचलवत नाई."

"अर्धा? म्हणजे तुम्हाला..."

"मंग? डोळे काय दुकानात ठेवून आलो मी? पयल्याच दिवशी दिसलं."

"आणि ते पेढे?"

"मास्तर, मले बरं वाटावं म्हणून तिनं एवढं केलं," काका म्हणाले. "पेढे नाई वाटाचे तं काय करायचं?"

आतून काकूंनी हाक मारली. काका उठले आणि त्यांना एकेक घोट चहा पाजत बसले. चार वर्षं मी या माणसाची टिंगल शाळेत रंगवून सांगत आलो होतो. त्या दिवशी शाळेत मी कुणालाच काही सांगितलं नाही.