अडीचची मॅच चारला

ती फायनल आम्ही माझ्यामुळे हरलो. मॅचची वेळ मी बदलली, त्यासाठी खोटं बोललो आणि खापर गोलकीपरच्या डोक्यावर फुटत असताना शेजारी असून गप्प राहिलो. मी संघाचा कॅप्टन होतो.

आमचं कॉलेज मुरुडचं. त्याला स्वतःचं मैदान नव्हतं. ओहोटी लागली की किनाऱ्यावर टणक ओली वाळू उघडी पडायची आणि पाणी परत यायच्या आत आम्ही तिच्यावर खेळून घ्यायचो. गोलचे खांब म्हणजे मोडीत काढलेल्या होडीचे वासे, जाळी म्हणजे मासेमारीचंच जुनं जाळं. एकदा त्यात वाळलेली मांदेली सापडली, तर आमच्या सेंटर फॉरवर्डने ‘हा पण गोल धरा’ म्हणून रेफ्रीशी वाद घातला होता. चेंडू त्याचाच होता. त्याच्या अब्बांनी कुवेतहून पाठवलेला, पांढरा, इतका देखणा की पहिले दोन दिवस त्याला लाथ मारायचं सगळ्यांच्या जिवावर येत होतं.

समुद्राचं मैदान रोज वेगळ्या वेळेला मोकळं होतं. ती वेळ सांगायचा आमचा गोलकीपर. तो कोळीवाड्यातला. त्याचे वडील तांडेल, होडीचे प्रमुख. बाकीच्या होड्याही त्यांना विचारून सुटायच्या. हिशोब त्यांनीच पोराला शिकवला होता. पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमारास भरती, तिथून पुढे प्रत्येक तिथीला पाऊण तास वाढवायचा आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी धरायची. तो बोटांवर मोजायचा आणि सरांना सांगायचा, “उद्या सव्वा एक, सर.” सर कॉमर्स शिकवायचे. फुटबॉल त्यांनी नियमांच्या पुस्तकातून शिकून घेतला होता, पण पाण्याच्या बाबतीत ते पुस्तक उघडत नसत. फळ्यावर सरळ सव्वा एक लिहायचे.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत आमचं नाव कुणी धरलंच नव्हतं. पहिली मॅच आतल्या तालुक्यात, तांबड्या खडीच्या मैदानावर. आम्ही अनवाणी. अर्ध्या तासात तळपाय सोलून निघाले, तरी दोन-एकने जिंकलो! परतीच्या एसटीत आम्ही पत्रा बडवत गात होतो. कंडक्टर ओरडला, “अरे तिकीट काढलंय तुम्ही, गाडी इकत न्हाय घेतली!” काशीदच्या चढावर मात्र त्याने स्वतःच घंटीच्या दोरीने ठेका धरला. दुसरी मॅच घरच्या वाळूवर. पाहुणे खिळ्यांचे बूट घालून आले आणि सगळा वेळ ते वाळूतून उपसत राहिले. चार-शून्य! बाजारात ओळख नसलेली माणसं थांबवून विचारायची, “पुढची कधी रे?” सेमीफायनल पेनल्टीवर गेली. आमच्या गोलकीपरने दोन अडवल्या. दुसरी त्याने हवेत आडवं होऊन एका पंजाने काढली, तो क्षण आजही आठवला की अंगावर काटा येतो.

फायनल आमच्या वाळूवर ठरली. जिंकणारा मुंबईला जाणार होता. गोलकीपर म्हणाला, “कॅप्टन, शुक्रवारी बारस तिथी हाय. तीनला पूर्ण ओहोटी. अडीचला चेंडू मध्यावर पायजे, सरांना सांग. मी दोन दिस बाबासंगती होडीवर हाय.”

अडीचला मुरुड झोपलेलं असतं. दुकानांची दारं बंद, कॉलेजचे तास चालू. चारला मात्र सगळं गाव किनाऱ्यावर आलं असतं, आणि त्या गावाने मला खेळताना पाहावं असं मला फार वाटत होतं. मी सरांना सांगितलं, “चार.”

“त्याला विचारलंस?”

“हो सर. तोच म्हणाला.”

सरांनी चार लिहिलं. शुक्रवारी गोलकीपर होडीवरून थेट आला, फळा पाहून माझ्याकडे धावला. “चार कुणी केले?”

“सरांनी. पाहुणे येणारेत. निभेल रे!”

त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं. मग हातमोजे चढवले.

आणि गाव आलं! बाया, पोरं, बोर्लीहून टेम्पो भरून आलेली माणसं. पूर्वार्धात सेंटर फॉरवर्डने वीस फुटांवरून चेंडू असा हाणला की जाळ्यासकट एक वासा आडवा झाला. एक-शून्य! उत्तरार्धाला बाजू बदलल्या. दक्षिणेकडचा गोल आता आमचा. तिथली वाळू खोलगट, भरतीचं पाणी आधी तिथे शिरायचं. त्यांनी बरोबरी केली तेव्हा गोलकीपरची पावलं भिजत होती. शेवटची पाच मिनिटं राहिली. त्यांचा एक संथ फटका घरंगळत आला. चेंडू हातात येणार म्हणून आमचा गोलकीपर पुढे धावला आणि चेंडू वाटेतच पाण्यात थबकला. त्यांच्या पोराने तो गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचलून जाळ्यात टाकला. दोन-एक.

सर चिडून म्हणाले, “चारची वेळ तूच दिलीस ना?”

गोलकीपरने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी सोडत होतो. फायनलसाठी मी मुद्दाम बूट मागून आणले होते. त्याने माझं नाव न घेता हातमोजे काढले. माझ्या मागे कुणीतरी ओरडलं, “तांडेलाचा पोर आनि पानी कलत न्हाय!” त्याचे वडील गर्दीत उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि वळून चालू लागले.

तो पुन्हा खेळायला आला नाही. बंदरावर त्याच्या वडिलांना लोक हसून विचारत, “तांडेल, भरती कवा? का पोराला इचारू?” हे मला कळत होतं. खरं सांगणं मी रोज उद्यावर ढकलत गेलो. मग नोकरी लागली, मी अलिबागला राहायला गेलो आणि तीस वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात जुन्या खेळाडूंची मॅच ठरली. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, “वेळ गोलकीपरला विचारू नका, बुडू!” खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. तोही ग्रुपमध्ये होता. त्याने खाली फक्त लिहिलं, “दीड वाजता.”

आम्ही दीडला खेळलो. पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे, पण पहिल्या शिट्टीला छाती तशीच धडधडली. त्याने माझा एक फटका अडवला आणि ओरडला, “कॅप्टन, जोर गेला रे!” मी हसलो, आणि आता आणखी थांबलो तर कधीच बोलणार नाही हे मला कळलं. मॅच संपली, सगळे रिंगण करून उभे होते. सर काठी टेकून आले होते. कडेला खुर्चीवर त्याचे वडील बसले होते, नव्वदीला टेकलेले. मी सगळ्यांसमोर त्यांच्या पायाशी वाळूत बसलो.

“बाबा,” मी म्हणालो, “तुमच्या पोराने अडीचच सांगितलं होतं. चार मी केले. सरांशी खोटं बोललो, त्याच्याशीही बोललो. त्याचा हिशोब बरोबर होता, तुम्ही शिकवलेला. तुम्हाला इतकी वर्षं जे ऐकावं लागलं ते माझ्यामुळे. तुम्ही दोघं मला माफ करा.”